अडकलेले चाक

आमच्या नागपूरच्या घराच्या अंगणात, कडुनिंबाखाली, एक पांढरी ॲम्बेसेडर उभी आहे. माझ्या वडिलांची, म्हणजे बाबांची. बाबा १९६८ साली एका सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून लागले आणि २००२ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षे त्यांनी साहेबांच्या गाड्या चालवल्या. साहेब मागच्या सीटवर, बाबा पुढे. साहेबांच्या बंगल्यावर चहा मिळायचा तो दाराबाहेर, वेगळ्या कपात. त्याबद्दल बाबा कधी बोलत नसत. आईने मात्र आम्हाला सांगून ठेवले होते.

निवृत्तीनंतर वर्षभराने सरकारी गाड्यांचा लिलाव निघाला. बाबांनी फंडाच्या पैशातून त्यातली एक जुनी ॲम्बेसेडर घेतली. नातेवाईक म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागले. बाबांनी गाडी धुतली, बॉनेटवर निळा झेंडा लावला, आईला मागच्या सीटवर बसवले आणि थेट दीक्षाभूमीवर नेले. १९५६ साली त्याच ठिकाणी ते आजोबांचे बोट धरून गेले होते, तेव्हा बारा वर्षांचे होते. आई आजही सांगते, "त्या दिवशी मी पहिल्यांदा साहेबाच्या जागेवर बसली."

२०१९ च्या उन्हाळ्यात बाबा गेले. गाडी तशीच राहिली. पाच पावसाळे तिने अंगणात काढले. मागच्या वर्षी धाकट्या भावाला तिथे खोली बांधायची होती. त्याचेही खरेच होते, मुले मोठी झाली, जागा पुरत नाही. त्याने भंगारवाल्याला बोलावले. त्याच्या माणसांनी गाडी ढकलून पाहिली, तर मागचे डावे चाक फिरेना. एकाने चाक काढून ड्रमवर घणाचे चार घाव घातले. ड्रमच्या कडेचा टवका उडाला, पण ड्रम जागचा हलला नाही. तेव्हा भंगारवाला म्हणाला, इथेच गॅसने कापून तुकडे नेतो.

आई ओट्यावर बसून पाहत होती. ती एवढेच बोलली, "कापायचे असेल तर कापा, पण ती गाडी आपल्या चाकावर दाराबाहेर जाऊ द्या. तुझ्या बापाने तिले कधी ओढत आणली नाही."

भावाने माझ्याकडे पाहिले. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि बाबांच्या जुन्या मेकॅनिक मित्राकडे गेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, हाताला कंप. ते म्हणाले, "बेटी, मेरे हाथ अब नहीं चलते. हाथ तेरे, आँख मेरी." मी शाळेत शिकवणारी बाई. पाना कसा धरायचा हेही मला माहीत नव्हते.

उस्तादांनी आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावायला सांगितल्या. जॅकने गाडी उचलली, पण जॅकच्या भरवशावर एक क्षणही राहू दिले नाही. खाली भक्कम स्टँड लावले, मगच मला चाकाजवळ बसू दिले. मग त्यांनी विचारले, "हँडब्रेक किसने खींचा?"

मी गप्प झाले. तो मीच ओढला होता. बाबा गेले त्या आठवड्यात, गाडी घरंगळू नये म्हणून, दोन्ही हातांनी जोर लावून. बाबा नेहमी सांगत, गाडी खूप दिवस उभी ठेवायची तर हँडब्रेक ओढू नये, चाकाला दगड लावावा. कारण हँडब्रेकची केबल मागच्या चाकांतले ब्रेकशू ड्रमला दाबून धरते. पावसाळ्यात ओल आत जाते, बिडाचा ड्रम गंजतो आणि लायनर त्याला चिकटून बसते. मी काळजी म्हणून केले आणि त्यानेच चाक बांधले गेले.

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी अडकण्याची कारणे बोटांवर मोजून दाखवली. एक, लायनर चिकटलेले. दोन, ड्रम मधल्या हबवर गंजाने धरलेला. तीन, वर्षानुवर्षांच्या घासण्याने ड्रमला आतून खोलगट चाकोरी पडते, कडेला ओठ राहतो आणि शूज त्या ओठाला अडतात. "कारण तीन आणि हथौडा एक, कसे जमेल?"

मग एकेक कारण सोडवले. हँडब्रेक सैल केला, पण गंजलेली केबल परत जाईना. तेव्हा चाकामागची तिची पिनच काढली. ॲडजस्टर उलटा फिरवून शूज आत घेतले. ड्रमचे दोन छोटे स्क्रू साध्या पेचकसाने झिजले असते, म्हणून ठोक्याबरोबर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरला. हबच्या भोवती आणि स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. तीन रात्री हेच केले. दिवसा लाकडाचा तुकडा मध्ये धरून गोल फिरत हलके ठोके द्यायचे, कडेवर नाही. बीड कठीण असते, पण ठिसूळ. जोराच्या घावाने तडकते.

चौथ्या दिवशी सकाळी ठोक्याचा आवाज बदलला. ड्रम किंचित फिरला. मी रडू लागले. उस्ताद म्हणाले, "रोना बाद में, पहले निकाल." दोन्ही बाजूंनी सारखा, थोडा थोडा रेटा देत ड्रम बाहेर आला. एका शूचे लायनर सुटून ड्रमलाच चिकटून राहिले होते. आतली काळी धूळ मी फुंकणार होते, त्यांनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ छातीत गेली तर बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून ती पिशवीत बांधली.

आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच बिंबवले गेले की हाताने राबणारा खालचा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले की जात कामाबरोबर माणसांचीही उतरंड लावते. माझ्या शिक्षणाचा मला अभिमान आहे, पण बाबांच्या हातात किती विद्या होती हे मला त्या चार दिवसांत कळले. तथागतांनी दुःखाला घाव घालायला सांगितले नाही, कारण शोधायला सांगितले. कारण गेले की दुःख जाते. हे मी वंदनेत कितीदा तरी ऐकले होते, समजले मात्र ड्रमपाशी.

चाक लावले. वस्तीतली पोरे जमली. आई मागे बसेना. ती पुढे, बाबांच्या जागेवर, स्टिअरिंग धरून बसली. गाडी आपल्या चाकांवर दाराबाहेर गेली, वळली आणि पुन्हा आत आली. भाऊ कोपऱ्यातल्या कडुनिंबाकडे पाहत म्हणाला, "ताई, खोली थोडी अलीकडे घेऊ."

आता चाकाला दगड लावला आहे. हँडब्रेक सैल आहे.

जयभीम!