मोराव्हियाच्या अरण्यांतील शब्दवेध

मध्य युरोपांतील चेक देशाचे बोहेमिया आणि मोराव्हिया असे दोन प्रमुख भाग आहेत. त्यांपैकीं मोराव्हियाचें मुख्य नगर ब्रनो. स्व्रात्का व स्वितावा या दोन नद्यांच्या संगमाशीं वसलेलें हें सुमारें चार लक्ष वस्तीचें शहर. परंतु प्राग पाहून परतणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी येथें उतरत नाहींत. ज्यानें आयुष्यभर खडू हातीं धरिला त्याला मात्र हें नगर तीर्थासारखें वाटावें. येथील मठाच्या बागेंत ग्रेगोर मेंडेल यांनीं १८५६ ते १८६३ या काळांत वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधून काढिले आणि १८६६ सालीं ते प्रसिद्ध केले. हे मेंडेल येथील शाळेंत मुलांना शिकवीत, आणि कायम शिक्षकपदाच्या परीक्षेस दोन वेळां बसूनही ते उत्तीर्ण झाले नव्हते. तो मठ पाहून मीं मनोभावें हात जोडले. तथापि आज वाचकांस सांगावयाचें आहे तें मठाविषयीं नव्हे. नगराच्या वायव्येस पसरलेल्या अरण्याविषयीं आणि त्यांत चालणाऱ्या एका विलक्षण खेळाविषयीं.

माझा मुलगा नोकरीनिमित्त ब्रनोस सहकुटुंब राहतो. २०२४ सालच्या वसंतऋतूंत त्याच्याकडे राहण्याचा योग आला. शहरांतून ट्रामनें बिस्त्र्त्स या उपनगरास गेलें कीं थोड्याशा चालीनें स्व्रात्का नदीचें धरण लागतें. १९३६ ते १९४० या काळांत तें बांधलें गेलें. जलाशयाच्या वरच्या अंगास एका कड्यावर व्हेव्हेर्झी नांवाचा जुना किल्ला उभा आहे आणि त्याच्या भोंवतीं ओक, बीच, हॉर्नबीम, पाइन व स्प्रूस या वृक्षांचें दाट वन आहे. आमच्या वाईकडील रानाची ज्यांना संवय आहे त्यांना या वनाचें एक नवल वाटेल. येथें करवंदीच्या जाळ्या नाहींत कीं घाणेरीचें माजलेलें रान नाहीं. बीचच्या छायेखालीं दुसरें फारसें कांहीं उगवत नाहीं. गेल्या वर्षाच्या पानांचा तांबूस गालिचा तेवढा पसरलेला असतो. कोणीकडेही पाऊल टाकावें आणि चालत सुटावें. चेक कायद्यानेंही अरण्यांत पायीं हिंडण्याची आणि स्वतःपुरतीं रानफळें वेंचण्याची सर्वांस मोकळीक ठेविली आहे. रविवारीं नातवंडांचा हात धरून निघालेले आजी-आजोबा या वनांत जागोजाग भेटतात.

अशा वनांत जो खेळ चालतो त्यास चेक लोक पूर्वीपासून ‘होन ना लिश्कू’ म्हणजे खोकडाची शिकार म्हणतात. नांव शिकारीचें असलें तरी यांत कोणताही जीव मारला जात नाहीं. पांच लहान बिनतारी प्रक्षेपकयंत्रें अरण्यांत निरनिराळ्या ठिकाणीं दडवून ठेवितात, तींच खोकडें. प्रत्येक खोकड पाळीपाळीनें एक मिनिट बोलतें आणि पुढें चार मिनिटें गप्प बसतें. स्पर्धकाच्या एका हातांत ग्राहकयंत्र, कानांस हेडफोन, दुसऱ्या हातांत नकाशा आणि होकायंत्र. आवाजाच्या अनुरोधानें एकेक खोकड शोधावें, तेथें नारिंगी-पांढऱ्या कापडाची खूण दिसली कीं जवळच्या पेटीवर बोटास अडकविलेली विजेची काडी टेंकवून हजेरी लावावी, आणि ठरलेल्या वेळाच्या आंत अंतिम रेषेवर परत यावें. जास्त खोकडें सांपडतील तो वर. संख्या सारखी असेल तर ज्यास वेळ कमी लागला तो वर. वेळेची मर्यादा ओलांडली तर मात्र सर्व श्रम वायां जातात. वाट दाखविणारीं यंत्रें वापरावयाचीं नाहींत आणि वाटेंत दुसऱ्यास विचारावयाचेंही नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील हौशी बिनतारीवाल्यांत हा खेळ रुजला. १९६१ सालीं स्टॉकहोम येथें पहिली युरोपीय आणि १९८० सालीं पोलंडमध्यें पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. २००४ सालची जागतिक स्पर्धा या ब्रनो नगरांतच भरली होती. वयोमानाप्रमाणें निरनिराळे गट असतात. चाळीस, पन्नास, साठ व सत्तर वर्षांवरील लोकांनाही त्यांत स्थान आहे. मात्र वय वाढेल तशीं शोधावयाचीं खोकडें कमी होतात.

खोकडांची भाषा मोर्सची. संस्कृत छंदःशास्त्र शिकलेल्यास ती परकी वाटूं नये, कारण तिचा सर्व संसार लघु आणि गुरु या दोन ध्वनींवर चालतो. भेद इतकाच, कीं आपला गुरु दोन मात्रांचा आणि मोर्सचा तीन मात्रांचा. प्रत्येक खोकड प्रथम पांच गुरु उच्चारतें आणि मग आपला क्रमांक सांगतें: पहिल्याचा एक लघु, दुसऱ्याचे दोन, याप्रमाणें पांचव्याचे पांच. अंतिम रेषेजवळील यंत्र नुसते पांच गुरुच अखंड घोळवीत असतें. हें वृत्त शिकावयास मला एक संध्याकाळ पुरली.

दिशा कशी कळते तें सांगणें अवश्य आहे. आम्ही खेळलों तो प्रकार सुमारें ८० मीटर लांबीच्या लहरींचा. त्याच्या ग्राहकयंत्रांत फेराइट नांवाच्या चुंबकीय द्रव्याची एक कांडी असते. कांडीची बाजू खोकडाकडे केली तर आवाज मोठा येतो. परंतु मोठा आवाज पुष्कळ अंशांत सारखाच मोठा वाटतो, त्यावरून नेमकी दिशा ठरत नाहीं. कांडीचें टोंक जेव्हां बरोबर खोकडाच्या रोखानें येतें तेव्हां आवाज एकाएकीं लोपतो. ही शांततेची जागा फार अरुंद आणि म्हणून फार नेमकी असते. दिशा आवाजावरून नव्हे, आवाजाच्या अभावावरून ठरते, हें ऐकून प्रथम मला मोठें कौतुक वाटलें. मात्र यावरून केवळ रेघ कळते. खोकड पुढें आहे कीं मागें आहे हें कळत नाहीं. त्यासाठीं यंत्रावरील एक कळ दाबून एक लहानशी उभी तार जोडून घेतात. मग एका बाजूचा आवाज मोठा आणि दुसरीकडचा लहान होतो. अशा दोन निरनिराळ्या जागांवरून दोन रेघा नकाशावर काढिल्या कीं त्या जेथें छेदतील तेथें खोकड. भूमितीचा हा उपयोग मला माझ्या विद्यार्थ्यांना दाखवितां आला असता तर किती बरें झालें असतें!

दशरथ राजा शब्दवेधी होता हें आपण लहानपणापासून ऐकतों. त्याच्या त्या विद्येनें श्रावणबाळाचा घात झाला. या खेळांतील शब्दवेध निरुपद्रवी आहे. पण त्यासाठींही कान हवा, आणि माझी अडचण नेमकी तेथेंच होती. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं माझ्या उजव्या कानाची शक्ति निम्म्याहून उणी झाल्याचें सांगितलें. शाळेंत मागच्या बाकावरील मुलानें विसर्ग गाळला तरी मला कळत असे. आतां जेवणाच्या वेळीं चौघे एकदम बोलूं लागले कीं धागा सुटूं लागला. प्रत्येक वेळीं ‘काय म्हणालास?’ असें विचारणें बरें वाटत नाहीं. हळूहळू मी पानावर गप्पच बसूं लागलों. घरांतल्यांनीं तें वार्धक्याचें गांभीर्य समजून सोडून दिलें.

माझा तेरा वर्षांचा नातू या खेळाच्या मंडळांत जातो. त्यानें एके दिवशीं जुनें ग्राहकयंत्र माझ्या हातीं दिलें आणि हेडफोन डाव्या कानावर नीट बसवून म्हटलें, “आजोबा, आतां सांगा, यंत्र कोणत्या झाडामागें आहे?” दोन रविवार बागेंत सराव झाल्यावर मंडळाच्या स्थानिक स्पर्धेंत साठ वर्षांवरील गटांत नांव देण्याचें मीं ठरविलें. मुलगा तयार नव्हता. तो म्हणाला, “बाबा, मागून सायकल आली तरी तुम्हांला ऐकूं येणार नाहीं. पाय मुरगळला तर हांक कोणत्या भाषेंत मारणार?” त्याची काळजी रास्त होती. सूनबाईंनीं मध्यम मार्ग काढिला, माझ्या गळ्यांत एक शिटी अडकविली आणि त्याला म्हटलें, “जाऊं द्या त्यांना.”

मे महिन्यांतील त्या सकाळीं वनांत नुकताच पाऊस पडून गेला होता. निघण्यापूर्वीं सर्वांचीं यंत्रें एका जागीं जमा करून घेतात, कोणी आधींच ऐकूं नये म्हणून. दहा मिनिटें आधीं नकाशा मिळतो. आमच्या गटास दुसरें, तिसरें व पांचवें खोकड नेमून दिलें होतें आणि वेळ १२० मिनिटें. माझ्याबरोबर त्याच क्षणीं दुसऱ्या गटांतील एक तरुणी सुटली. ती हरिणीसारखी गेली आणि झाडांत दिसेनाशी झाली. मी पहिल्या पांच मिनिटांत एका ओकाखालीं उभा राहून तिन्ही खोकडांच्या रेघा नकाशावर काढिल्या. तिसरें जवळ असावें, पांचवें टेंकडीच्या माथ्याकडे आणि दुसरें जलाशयाच्या बाजूच्या ओढ्यांत असावें असा तर्क बांधिला.

तिसरें खोकड अर्ध्या तासाच्या आंत एका जुन्या बीचच्या मुळांत सांपडलें. पांचव्याकडे जाण्यास मोठा चढ होता. एकसष्ट वर्षांनंतर गुडघे कोणाचेही होत नसतात. मी वाटेंत तीनदां थांबलों. पण थांबण्यासही हा खेळ अनुकूल आहे, कारण खोकडच पांचांपैकीं चार मिनिटें मुकें असतें. तेवढ्यांत श्वास घ्यावा, नकाशा पाहावा, पाखरांकडे पाहावें. डोक्यावर सुतारपक्षी खोड ठोकीत होता. त्याचाही मोर्स चालला आहे असा भास झाला. पांचव्याची हजेरी लागली तेव्हां ७८ मिनिटें झालीं होतीं.

दुसऱ्या खोकडाकडे उतरत असतां खरी कसोटी लागली. १०१ व्या मिनिटास तें बोलूं लागलें तेव्हां आवाज इतका मोठा होता कीं यंत्राची शक्ति अगदीं खालीं आणावी लागली. खोकड शंभर-दीडशें पावलांवर असणार. मी कांडी फिरविली, शांततेची जागा सांपडली, कळ दाबून बाजू पाहिली, होकायंत्र रोखलें. आणि मिनिट संपलें. पुढची वाणी १०६ व्या मिनिटास. अंतिम रेषा नकाशावर एक किलोमीटर दूर, म्हणजे माझ्या चालीनें वनांतून पंधरा मिनिटांची वाट. खोकड पुन्हां बोलेपर्यंत वाट पाहिली तर वेळ हुकणार आणि आधींचीं दोन खोकडेंही हातचीं जाणार. दोघांवर संतोष मानून परत फिरणें शहाणपणाचें होतें. पण रेघ माझ्याजवळ होती. तिच्यावरून शंभर पावलें चालून पाहण्यास दोन मिनिटें पुरतील, तोंवर नाहीं सांपडलें तर तेथूनच परतावयाचें, असा मीं मनाशीं निश्चय केला.

मीं हेडफोन गळ्यांत उतरविला. होकायंत्राची सुई सांभाळीत पावलें मोजूं लागलों. चाळीस, पन्नास, साठ. उतार ओला होता. ओढ्याचें पाणी वाहत असलें पाहिजे, पण तें मला ऐकूं येत नव्हतें. सत्तराव्या पावलाशीं एक उन्मळून पडलेला स्प्रूस आडवा आला. त्याला वळसा घालून पुन्हां रेघेवर आलों तों त्याच्या उपटलेल्या मुळांच्या मागें नारिंगी-पांढरें कापड लोंबत होतें. काडी टेंकविली, दिवा लागला. १०४ मिनिटें.

पुढील किलोमीटर मी कसा चाललों तें नीट आठवत नाहीं. पांच गुरूंचा अखंड घोष डाव्या कानांत वाढत गेला एवढें खरें. ११८ व्या मिनिटास रेषा ओलांडली. मुलगा तेथें हातांत घड्याळ घेऊन उभा होता. तो कांहीं बोलला; काय तें मला ऐकूं आलें नाहीं. मीं विचारलें, “काय म्हणालास?” तेव्हां तो डाव्या बाजूस आला आणि म्हणाला, “बाबा, पाणी घ्या.” आमच्या गटांत आठ जण होते, त्यांत मी पांचवा आलों. पहिला आला तो सदुसष्ट वर्षांचा निवृत्त लोहार. त्यानें ७१ मिनिटांत तिन्ही खोकडें गांठलीं होतीं. त्या रात्रीं जेवतांना नातवानें न सांगतां आपलें पान माझ्या डाव्या हातास मांडून घेतलें.

ज्यांचीं मुलें त्या देशांत आहेत आणि ज्यांना तेथें जाण्याचा योग येईल त्यांनीं हा खेळ अवश्य पाहावा, जमल्यास खेळावा. मोर्स येत नसेल तरी चालतें. लघु मोजतां आले म्हणजे झालें. लांब बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि ओल्या पानांवर न घसरणारे जोडे घालावेत. त्या वनांत गवतावरून अंगावर चढणारी एक जातीची गोचीड असते. तिच्या दंशानें मेंदूचा ज्वर होऊं शकतो. म्हणून घरीं येतांच सर्व अंग नीट तपासावें, आणि दीर्घकाळ राहावयाचें असल्यास त्यावरील लस आधीं टोंचून घ्यावी. शिटी मात्र सूनबाईंकडून मागून न्यावी.