पाऊणकी

"शनिवारी कितवी?" मामाचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं नंतर. मी ठाण्याच्या घरात कालनिर्णयासमोर उभी राहून सांगायचे, "षष्ठी." तिकडून लगेच उत्तर यायचं, "सहा पाऊणे साडेचार. साडेचारला पानी भरतंय, सहाला उघाडी पळायला लागंल. सकाळची गाडी पकड."

मामाच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी शाळेत घोकलेली. तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर भरती भरायची वेळ निघते. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजायचं. थोडं इकडेतिकडे होतं, पण खाडीकाठच्या माणसाला तेवढं पुरतं. मामा एसटीत कंडक्टर होता. आयुष्यभर उभ्याने तिकिटांचे हिशेब केले, त्यामुळे पाऊणकी त्याच्या जिभेवर नसायची, श्वासात असायची. निवृत्त झाल्यावर त्याने घड्याळ काढून कपाटात ठेवलं. पंचांग मात्र उशाशी.

आमचं आजोळ कुंडलिकेच्या मुखाजवळ. एका अंगाला रेवदंड्याचा कोट, समोर कोर्लईची टेकडी, मधे खाडी. गावाची भातशेती खारबांधाच्या आत, आणि बांधात जिथे लाकडी दारं बसवलेली, ती उघाडी. भरतीचं खारं पाणी आलं की दार आपोआप दाबून बसतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दाराला रेटा देऊन बाहेर पडतं, आणि त्याच्याबरोबर कोळंबी, बोयटं, सगळी बारीकसारीक मासळी. बाहेर, जिथे धावतं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं, त्या रेषेवर जिताडा तोंड करून उभा असतो. त्याला धावावं लागत नाही. जेवण त्याच्याकडे येतं.

मालवणाकडे आणि गोव्यात याला चोणक म्हणतात. रायगडात जिताडा हा नुसता मासा नाही. घरामागच्या तळ्यात तो वाढवायचा, वर्ष दोन वर्षं जपायचा आणि व्याही आले की काढायचा. पूर्वी पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरून तळ्यात सोडत. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्र सरकारी संस्थेने बंदिस्त पाण्यात जिताड्याची पैदास करून दाखवली, आता बीज विकत मिळतं. मामाला तळ्यातल्या जिताड्यात रस नव्हता. "तो आपलाच हाय. त्याला काय पकडायचं?"

मामा लहानपणापासून गरवायचा, पण जिवंत कोळंबी लावून. एकदा कोर्लईच्या दीपगृहाखाली खडकांवर त्याने मुंबईची दोन पोरं पाहिली. गळाला खाणं नाही, प्लास्टिकचा रंगीत मासा बांधलेला. तो पाण्यात फेकायचा आणि रीळ फिरवून ओढत आणायचा. मामा तासभर बघत उभा राहिला. मग त्या खोट्या माशाला खरा जिताडा लागला. घरी येऊन तो जेवला नाही, असं मामी सांगते. दुसऱ्या दिवशी त्याने परसातल्या पांगाऱ्याची फांदी तोडली.

सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडाची करत तेच हे लाकूड; हलकं, चाकूला मऊ. मामाने त्याचा बोटभर मासा कोरला. पोटात जाळ्याचं शिसं ठोकलं, अंगाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली, हनुवटीखाली पत्र्याची जीभ बसवली आणि वरून माझं नेलपॉलिश तीन हात. पहिले सहा मासे पाण्यात आडवे पडून फिरत राहिले. सातवा पोहला. पुढे मी त्याला फिनलंडच्या लाउरी रापालाची गोष्ट सांगितली. त्यानेही १९३६ मध्ये पहिला मासा असाच घरी कोरला होता, बुचाचा, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला, आणि पाणी लागू नये म्हणून फोटोंच्या निगेटिव्ह वितळवून वर थर दिलेला. मामाने ते नाव दोनदा म्हणवून घेतलं. "त्याचंबी पोट खालीच जड का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी त्याच्या मुलांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मला त्याने शिकवलं ते फेकणं नाही. फेकणं कोणीही शिकतं. त्याने थांबणं शिकवलं. पत्र्याच्या जिभेमुळे मासा ओढला की खाली बुडी मारतो, आणि ओढणं थांबवलं की लाकूड असल्याने हळूच वर येऊ लागतो. "दोन गिरक्या. थांब. दोन गिरक्या. थांब." जिताडा घेतो तो त्या थांबण्यात. धावणाऱ्या माशाकडे तो बघत राहतो. दमून क्षणभर रेंगाळलेला दिसला की येतो. मला ते थांबणं जमायचं नाही. हात आपोआप रीळ फिरवायचा. मामा मागून काही न बोलता माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचा. बोटं होती तोवर फिरवायचं नाही.

आणि दोरीवर तर्जनी. ओढताना खोट्या माशाची थरथर दोरीतून बोटाच्या पेराशी येते, बारीक, मांजर पोटाशी झोपल्यासारखी. थांबलो की ती विझते. मग काहीच नसतं. अंधार, तिवरांतून टपटपणारं पाणी, उघाडीच्या दाराचा कुरकुर आवाज. आणि एखाद्या वेळी त्या काहीच नसण्यातून 'भप्'. जिताड्याला कापणारे दात नसतात, तो चावत नाही. तोंड उघडून समोरचं पाणी माशासकट आत ओढतो. त्याचा हा आवाज येतो. मग अख्खं अंग पाण्याबाहेर काढून डोकं झटकतो. दोरी कापते ती त्याच्या कल्ल्याच्या धारदार कडेने, म्हणून बारीक दोरीच्या पुढे दोन हात जाड नायलॉन बांधायचा. जबडा मात्र पॉलिश पेपरसारखा खरखरीत. खालच्या जबड्यात अंगठा घालून त्याला उचलायचं, त्यामुळे मामाचा उजवा अंगठा कायम सोललेला असे. त्याच अंगठ्याने त्याने इतकी वर्षं तिकिटं फाडली होती. मी लहान असताना तो अंगठा शाईने काळा असायचा. नंतर पांढरा, खवल्यांचा.

एक गोष्ट मी त्याला सांगितली आणि ती त्याच्या मनात रुतून बसली. जिताडे साधारणपणे नर म्हणून वाढतात आणि काही वर्षांनी मादी होतात. म्हणजे खाडीतले जे खरोखर मोठे, ते बहुतेक सगळे आया. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या नदीतून खाली उतरतात, मुखाशी अंडी सोडतात. मामा ऐकत होता. "मंग तळ्यात सोडायला पिल्लं आणली ती कुनाची?" तो म्हणाला. हा प्रश्न मला नव्हता.

पुढच्या ज्येष्ठात, पहिल्या सरींनंतर, त्याला तो मासा लागला. मी होते. अर्धा तास त्याने दोरी दिली आणि घेतली, मला हात लावू दिला नाही. ताणकाट्यावर नऊ किलोच्या पुढे काटा गेला. पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं. बॅटरीच्या उजेडात डोळा तांबडा पेटला. गावात तेवढ्या जिताड्याची चर्चा आठवडाभर होते, आणि मामाला ती चर्चा नकोशी होती असं अजिबात नाही. पण तो गुडघाभर चिखलात उतरला, तिचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि शेपटीजवळ धरून उभा राहिला. कल्ले उघडत होते, मिटत होते. बराच वेळ. मग तिने एकदाच अंग झाडलं आणि त्याच्या हातातून गेली. घरी मामीने दारातूनच विचारलं, "काय म्हनालं पानी?" हा तिचा रोजचा प्रश्न, मिळालं का, असं ती कधी विचारत नसे. मामा पाय धुता धुता म्हणाला, "बोयटं उडत व्हती." काही मिळालं नाही की हे उत्तर ठरलेलं. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. नोकरी बदलली, मुलाची दहावी आली. "पुढच्या उधाणाला ये," मामा म्हणायचा. मी "नक्की" म्हणायचे आणि ते खरं असायचं. उधाण तर दर पंधरा दिवसांनी येतंच. अमावस्या गेली की पौर्णिमा, पौर्णिमा गेली की अमावस्या. ही एक गोष्ट आपल्यासाठी अडून राहील असं वाटण्याचं मला दुसरं कुठलंच कारण नव्हतं.

माघ वद्य चतुर्थीला पहाटे साडेचारला मामा गेला. झोपेत, छातीत कळ येऊन. फोन ठेवून मी गाडीत बसले आणि पेण येईपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं: चार पाऊणे तीन. तीनला भरली. साडेचार म्हणजे ओहोटीचा दीड तास. उघाडी पळायला लागते ती वेळ.

दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत, म्हणून मी लांब वडाखाली उभी राहिले. पुरुषांची कुजबुज तिथवर ऐकू येत होती. कावळा शिवायला वेळ लागणार, असं सगळेच धरून चालले होते. मामाचा जीव खाडीत अडकलेला. थोरल्याने काय काय बोलून वचन द्यायचं ते ठरवून ठेवलं होतं: आईला बघू, तळं विकणार नाही. माझ्याही मनात एक वाक्य तयार होतं. पिंड ठेवला आणि कावळा आला. कोणी काही बोलायच्या आत शिवून गेला. लोकांना बरं वाटलं, समाधानाने गेला म्हणाले. मला ते सहन झालं नाही. त्याचं काहीच राहिलं नव्हतं? एक उधाणसुद्धा नाही? मी वडाच्या पारंबीला धरून रडले ते मामा गेला म्हणून नव्हे, त्याने माझी वाट पाहिली नाही म्हणून.

तो राग वर्षभर पुरला. चैत्रात मामीने बोलावलं, काही न बोलता माळ्यावरचा डालडाचा डबा काढून पुढ्यात ठेवला. आत पांगाऱ्याचे अकरा मासे, वर्तमानपत्रात एकेक वेगळा गुंडाळलेला. काही ओरबाडलेले, एकाची जीभ वाकलेली. एक कोरा. कोरून झालेला, शिसं ठोकलेलं, पण चांदी लावायची राहिलेली, नेलपॉलिश राहिलेलं. मी तो पुन्हा कागदात गुंडाळला.

आता मी महिन्यातून एकदा जाते. उघाडीचं लाकडी दार जाऊन लोखंडी आलंय, कुरकुरत नाही, दाबून बसताना ठण्ण वाजतं. मामा उभा राहायचा त्या दगडाच्या बाजूच्याच दगडावर मी उभी राहते. दोन गिरक्या. थांब. थरथर विझते, तर्जनी दोरीवर मोकळी राहते. मनगटाला मागून काहीतरी होईल असं अजून वाटतं, तेवढा वेळ मी रीळ फिरवत नाही. परवा सप्तमी होती, सव्वापाच, अंधार पडेपर्यंत मी उभी होते. काही लागलं नाही. घरी आले तर मामी ओट्यावर बसलेली. पाय धुवायला बादली भरून ठेवलेली.

"काय म्हनालं पानी?"

मी पायांवर तांब्या ओतला. "बोयटं उडत होती, मामी."

"बरं," ती म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली.