आधी ठाण्यात चला

शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसकावलं, त्याला अर्धा तासही झाला नव्हता. तेवढ्यात सीसीटीव्हीची क्लिप कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून गावभर झाली होती. पोलिसांना मात्र कुणीच कळवलं नव्हतं. मी ११२ ला फोन लावला आणि काकूंना म्हटलं, "आधी ठाण्यात चला." त्या कचरत होत्या. "गेलेलं सोनं कुठं परत मिळतं गं? आणि खेटे कोण घालणार?"

ठाणे अंमलदारांनी कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज देऊन ठेवा, बघतो." नुसता अर्ज बहुतेकदा फायलीतच राहतो, खरा तपास गुन्हा दाखल झाल्यावर. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा हिसकावणीसाठी स्वतंत्र कलम आहे, ३०४, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. मी ते सांगितलं. थोडी कुरकुर झाली, पण फिर्याद लिहून घेतली, काकूंना वाचून दाखवली आणि एफआयआरची प्रत हातात दिली. ती फुकट मिळते, मागायला लाजू नये.

दुपारी हवालदार पंचनाम्याला आले. डीव्हीआरचं घड्याळ त्यांनी आपल्या मोबाइलशी ताडून पाहिलं, तर ते सात मिनिटं पुढे. तो फरक त्यांनी पंचनाम्यात लिहिला. चौकातल्या कॅमेऱ्यांत तीच गाडी शोधायची तर वेळ नेमकी हवी. ग्रुपवर फिरणारी क्लिप कुणीतरी कापून, लाल गोल काढून पाठवलेली. तिच्यावर वेळच उरली नव्हती.

उरला होता तो फक्त निळ्या जॅकेटचा माणूस. तेवढ्यावरून पोरांनी नाक्यावर एका चादरवाल्याला अडवलं होतं. त्याच्या गठ्ठ्यातल्या चादरी रस्त्यावर पसरलेल्या, आणि तो हात जोडून आधारकार्ड दाखवत होता. माझ्या पोटात गोळा आला. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं, तेही मोबाइलवर फिरलेल्या अफवांच्या दिवसांतच. हवालदारांनी पोरांना पांगवलं. चादरी आम्ही दोघींनी गोळा करून दिल्या.

मंगळसूत्र अजून मिळालेलं नाही. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं, हे कळल्यावर काकूंनी कालनिर्णयवर ती तारीख लिहून ठेवली आहे, शेजारी गुन्हा रजिस्टर नंबरासकट.