नवव्या सामन्यानंतरची आशा

हंगामाच्या सुरुवातीला आशा धरायला काही लागत नाही. सगळ्या संघांचे गुण शून्य असतात, नवे परदेशी खेळाडू विमानतळावर हार घालून हसत असतात, प्रशिक्षक मोठं बोलत असतो. हंगाम संपल्यावर आशेला काम उरत नाही, कारण गुणतक्ता सगळं सांगून मोकळा होतो. तिची खरी कसोटी लागते ती मधल्या काळात, आठ-नऊ सामने झाल्यावर. संघाबद्दल बरंच दिसलेलं असतं आणि तरी काहीच ठरलेलं नसतं. अशा वेळी आपल्या संघाकडून काय मागावं, किती मागावं आणि कशाच्या जोरावर, हे बघून बघून शिकावं लागतं. मी ते बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसून शिकलो. २०१७-१८च्या एफसी पुणे सिटीने ते मला सगळ्यात नीट शिकवलं.

मी मोशीला राहतो आणि चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. आमच्या पट्ट्यात फुटबॉलचं वेड वारशाने येत नाही. कोल्हापुरात येतं. तिथं मूल कोणत्या पेठेत जन्मलं यावर ते पाटाकडील तालमीचं की आणखी कुठल्या मंडळाचं हे ठरतं, आणि शाहू स्टेडियमवर आजोबा, बाप, नातू एकाच बाजूला बसतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा नोकरीसाठी आलेल्या माणसांचा मुलूख. कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याचा, कुणी मलप्पुरमचा, कुणी हुगळीचा. इथं संघ आपला म्हणायचा तर तो निवडावा लागतो.

निवडायला आधी पुणे एफसी होता. २००७ साली सुरू झालेला तो क्लब डेरिक परेरांच्या हाताखाली २०१२-१३च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. २०१५ साली त्याचा वरिष्ठ संघ थांबला. तोवर इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी येऊन बसला होता. मैदान तेच, बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी येऊन अंघोळ, मग भोसरी, नाशिक फाटा, कासपटे वस्ती, वाकड, आणि मुळेवरचा पूल ओलांडला की संकुलाचे दिवे दिसायचे.

पहिली तीन वर्षं संघाने आमच्या संयमाची परीक्षा पाहिली. २०१४ मध्ये डेव्हिड त्रेझेगे होता, १६ गुण आणि सहावा क्रमांक. २०१५ मध्ये एड्रियन मुतू होता, १५ गुण आणि सातवा. २०१६ मध्ये लीगचं पहिलंच विजेतेपद कोलकात्याला मिळवून दिलेले आंतोनियो हाबास प्रशिक्षक होते, पुन्हा १६ गुण आणि पुन्हा सहावा. या तिन्ही हंगामांत चौदा-चौदा सामने आणि दर वेळी चारच विजय. नावं मोठी यायची आणि संघ जिथल्या तिथं राहायचा.

मग २०१७ मध्ये सर्बियाचे रँको पोपोविच आले. दिल्लीकडून आदल्या हंगामात दहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवलेला मार्सेलिन्हो आला, उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आला. २२ नोव्हेंबरला बालेवाडीत पहिला सामना, समोर दिल्ली डायनामोज. दुसऱ्या अर्धात आम्ही ०-३ने मागे होतो. माझ्या आजूबाजूची माणसं पार्किंगकडे निघाली. मी थांबलो, कारण मला एक गोष्ट दिसत होती. तीन गोल खाल्लेला संघ चेंडू हरवल्यावर मागे पळत नव्हता, पुढे धावून तो परत हिसकावू पाहत होता. अल्फारोने एक फेडला, मार्कोस तेबारने दुसरा. सामना २-३ असा हरलो. तक्त्यात शून्य गुण. चारच दिवसांनी कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, गतविजेत्या एटीकेला याच संघाने ४-१ हरवलं.

त्या दोन सामन्यांनी बघण्याची पहिली रीत पक्की केली. हरतानाचा संघ बघावा. जिंकताना सगळेच संघ चांगले दिसतात, धावतात, एकमेकांना टाळ्या देतात. सुधारणा सुरू झाली आहे की नाही ते कळतं मागे पडल्यावरच्या वीस मिनिटांत.

दुसरी रीत मला खडकीच्या एका काकांनी दिली. ते लष्करी मैदानांवर फुटबॉल बघत वाढलेले. बालेवाडीत स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू लांब वाटतात आणि पहिल्यांदा आलेला माणूस कुरकुरतो. काका म्हणायचे, “अरे, वरच्या रांगेत बस. आणि बॉलकडे बघू नकोस, बॉल कुठं नाही तिकडं बघ.” टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. वरच्या रांगेतून दिसतं की उजवीकडे हल्ला चालू असताना डावा बचावपटू कुठे उभा आहे, दोन सेंटर-बॅकमध्ये किती अंतर पडलंय, मधल्या फळीतला माणूस श्वास घ्यायला थांबलाय की जागा झाकायला. त्या हंगामात मी आदिल खानकडे बघत बसायचो. गोव्याचा हा खेळाडू मधल्या फळीत चेंडू पायात असताना फारसा उठून दिसायचा नाही. पण मार्सेलिन्हो पुढे सुटला की त्याने सोडलेली जागा आदिल भरायचा. मार्सेलिन्होला मोकळं सोडता येत होतं ते मागे कुणीतरी असं उभं राहत होतं म्हणून.

तिसरी रीत म्हणजे बाहेरच्या मैदानांचा हिशेब वेगळा ठेवणं. घरच्या मैदानावर आवाज असतो, सवयीचं गवत असतं. बाहेर संघाजवळ फक्त त्याची शिस्त असते. कोलकात्यातला विजय झाला, मग जमशेदपूरमध्ये आदिलच्या गोलवर १-०, मग फातोर्ड्यात गोव्याविरुद्ध २-०. त्या हंगामात साखळीत सर्वाधिक गोल करणारा संघ गोव्याचा होता, आणि त्याला त्याच्याच घरी एकही गोल करू दिला नाही. हे बघितल्यावर मी मनातली अपेक्षा एक पायरी वर नेली.

माझ्या कामात एक नियम आहे. एखादं माप टॉलरन्समध्ये आलं म्हणून मशीन चांगलं म्हणायचं नाही आणि एखादं बाहेर गेलं म्हणून लाईन बंद करायची नाही. कंट्रोल चार्टवर ओळीने सात ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर मात्र मशीनमध्ये खरोखर काहीतरी बदललंय असं धरायचं. संघाकडेही मी तसंच बघतो. एका मोठ्या विजयावर मी भरोसा ठेवत नाही. सलग सामन्यांत तीच चांगली गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, तरच धरतो.

आशेला मर्यादा घालणंही याच कसबात येतं. १४ डिसेंबरला बेंगळुरू एफसी आली. गुरुवार होता, आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. आदिलने गोल करून आघाडी दिली. दुसऱ्या अर्धात लाल कार्डामुळे आम्ही दहा जण उरलो आणि बेंगळुरूने तीन गोल केले. १-३. परत येताना गाडीत सगळे पंचांवर बोलत होते. मला मात्र समोरच्या संघाने दहा जणांविरुद्ध दाखवलेला थंडपणा आठवत होता. त्यांनी घाई केली नाही, मैदान रुंद केलं, चेंडू इकडून तिकडे फिरवत आम्हाला दमवलं. आम्ही सुधारत होतो, पण त्यांच्या आणि आमच्यात अजून अंतर होतं. हे अंतर मान्य करूनही उरते, तीच आशा पुढच्या महिन्यांत उपयोगी पडते.

३० डिसेंबरला नॉर्थईस्ट युनायटेडवर ५-० असा विजय मिळाला. मार्सेलिन्होची हॅट्‌ट्रिक, आणि गोलांची सुरुवात केली वीस वर्षांच्या आशिक कुरुनियनने. मलप्पुरमचा हा पोरगा पुण्याच्या अकादमीत घडलेला, मध्ये स्पेनमध्ये विल्यारेआलच्या तिसऱ्या संघात खेळून आलेला. डावीकडून तो चेंडू घेऊन धावला की अख्खा स्टँड उभा राहायचा. ४ जानेवारीला कोचीत १-१ अशी बरोबरी झाली आणि अर्धा हंगाम संपला. नऊ सामने, पाच विजय, एक बरोबरी, तीन पराभव, १६ गुण. २०१६ मध्ये अख्ख्या हंगामात मिळाले तेवढे गुण नऊ सामन्यांतच आले होते.

त्या रात्री मी मित्रांना म्हटलं, पहिल्या चारात येऊ. विजेतेपद म्हटलं नाही. हंगामाच्या मध्यावर आशेला आकडा हवा असं मला वाटतं. नुसतं “यंदा आपलंच” म्हटलं की एका पराभवात सगळं ढासळतं आणि माणूस खेळाडूंवर ओरडू लागतो. चौथा क्रमांक म्हटलं की कोणते सामने जिंकायलाच हवेत, कुठे बरोबरी चालेल, हे दिसू लागतं. मग शांतपणे बघता येतं.

२ फेब्रुवारीला केरला ब्लास्टर्स बालेवाडीत आले तेव्हा स्टँड पिवळा झाला होता. माझ्याच लाईनवरचा मलप्पुरमचा सहकारी तिकडे बसलेला. ज्यादा वेळेत सी. के. विनीतने गोल केला आणि आम्ही १-२ हरलो. दुसऱ्या दिवशी शिफ्टवर तो म्हणाला, “दादा, तुमचा आशिक आमचाच आहे, पण खेळू द्या त्याला तुमच्याकडे.” त्या वाक्यात मला आमच्या या मुलखाचं फुटबॉल दिसलं. इथं माणूस गावचा संघ सोडत नाही, आणि राहत्या जागेच्या संघाचं कौतुकही लपवत नाही.

हंगामअखेर हिशेब जुळला. नऊ विजय, ३० गुण, चौथा क्रमांक. क्लब पहिल्यांदाच बाद फेरीत गेला. वाटेत घरच्या मैदानावर गोव्याकडून ०-४ असा मारही खाल्ला. ७ मार्चला उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीत बेंगळुरूशी ०-० सुटला. ११ तारखेला बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले, जोनातन लुकाच्या फ्री-किकने एक फेडला, आणि १-३ वर प्रवास संपला. डिसेंबरात दिसलेलं अंतर मार्चमध्ये कमी झालं होतं, मिटलं नव्हतं.

पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते. सुरुवात वाईट झाली, तीन सामन्यांतच प्रशिक्षक बदलला. प्रद्युम रेड्डींनी संघ सावरला, नोव्हेंबरमध्ये जमशेदपूरविरुद्ध पहिला विजय आला, नंतर फिल ब्राऊन आले आणि उत्तरार्धात संघ चढत गेला. सातवा क्रमांक मिळाला. मी पुन्हा वही काढून पुढच्या वर्षाचे अंदाज बांधायला बसलो. पण २०१९च्या उन्हाळ्यानंतर क्लबच उरला नाही. ऑगस्टमध्ये त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

अनेकांनी तेव्हा विचारलं, एवढं बघून, एवढं ओरडून काय मिळालं? मला त्याचं उत्तर मैदानावरच मिळत गेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॉल्ट लेकवर विश्वचषक पात्रता फेरीत भारत बांगलादेशाविरुद्ध हरत आला होता. ८८व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून १-१ बरोबरी करून देणारा आदिल खान होता. १८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्यात एटीके मोहन बागानने पेनल्टींवर आयएसएलचा अंतिम सामना जिंकला. त्या संघाच्या गोलमध्ये पुण्याचा जुना गोलरक्षक विशाल कैथ होता आणि त्या मोसमाचा गोल्डन ग्लोव्हही त्याचाच. आशिक त्याच संघात होता. समोर होतं बेंगळुरू. आम्ही ज्या सुधारणेवर विश्वास ठेवला ती खरी होती. क्लब बंद झाल्यावरही ती त्या पोरांच्या पायांत आणि हातांत राहिली.

म्हणून आजही कुणी नव्या संघाबद्दल विचारलं, तर मी सांगतो: बालेवाडीत पुन्हा संघ उभा राहिला, तर पहिल्याच सामन्यापासून जा, पण मत नवव्या सामन्यानंतर बनवा. मागे पडल्यावरची वीस मिनिटं बघा, बाहेरच्या मैदानांवरचे गुण वेगळे मांडा, ज्याचं नाव कुणी घेत नाही अशा एका खेळाडूकडे पूर्ण सामनाभर लक्ष ठेवा. आणि सगळं बघून झाल्यावर जे वाटेल ते मोठ्याने बोला, घसा बसेपर्यंत. करंडक आल्यावर आवाज करायला सगळं शहर येतं. सहाव्या क्रमांकावरून चौथ्याकडे सरकणाऱ्या संघाला मात्र आवाज लागतो तो जानेवारीतल्या बुधवारी रात्री, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट असताना. तो द्यायला आपल्या या कामगारांच्या मुलखाइतकी तयारीची माणसं दुसरीकडे नाहीत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.