फॅन्सी, फॅन्टसी आणि जनीचे जाते

इंग्रजीतील ‘फॅन्सी’, ‘फॅन्टसी’ आणि ‘इमॅजिनेशन’ या तीन शब्दांसमोर मराठीचा अध्यापक उभा राहिला की त्याच्या हाती प्रथम एकच शब्द येतो : कल्पना. मग कल्पनाशक्ती, कल्पनाविलास, कल्पनारम्यता, स्वैरकल्पना अशी जोडकामे करून वेळ भागवावी लागते. ‘आयडिया’लाही आपण कल्पनाच म्हणतो, आणि ‘मला याची काही कल्पना नाही’ या वाक्यात तर कल्पना म्हणजे चक्क माहिती! एका शब्दाने इतके ओझे वाहावे याचे आम्हाला नवल वाटते, आणि कधीकधी काळजीही.

काळजीचे कारण घरचेच आहे. आमच्या परभणी जिल्ह्यात गोदाकाठी गंगाखेड आहे. संत जनाबाईचे जन्मगाव. विठ्ठल जनीबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरून देतो, असे तिचे अभंग सांगतात. हे प्रत्यक्षात घडणे शक्य नाही, म्हणून ही ‘फॅन्टसी’, असा सरळ हिशोब अलीकडे विद्यार्थ्यांच्या लेखनात दिसू लागला आहे. तो मान्य करावा की नाही हे ठरवण्यापूर्वी या शब्दांची कुळकथा पाहिलेली बरी.

‘फॅन्सी’ हे ‘फॅन्टसी’चेच आखडलेले रूप. दोहोंचे मूळ ग्रीक ‘फान्तासिया’त, म्हणजे मनासमोर काही प्रकट होण्यात आहे. ‘इमॅजिनेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘इमागो’, अर्थात प्रतिमा आहे. हे शब्द दीर्घकाळ एकमेकांच्या जागी वावरत होते. कोलरिजने १८१७ साली ‘बायोग्राफिया लिटरारिया’त त्यांच्यामध्ये ठळक रेघ ओढली. त्याच्या मते फॅन्सी स्मृतीतल्या तयार वस्तू उचलते आणि नव्या क्रमाने शेजारी शेजारी मांडते. त्या वस्तू मात्र होत्या तशाच राहतात. इमॅजिनेशन त्यांना विरघळवते आणि त्यांतून नवे एकसंध काही घडवते. कोलरिजने ज्या शब्दाला खालचे आसन दिले, त्याला आपल्या बाजाराने सजावटीच्या कामाला लावले : फॅन्सी साडी, फॅन्सी ड्रेस, गाडीचा फॅन्सी नंबर.

गंमत अशी, की ‘कल्पना’ या शब्दालाही सजावटीचा इतिहास आहे. ‘कॢप्’ या धातूत जुळणे, योग्य होणे, रचणे हे अर्थ आहेत, आणि अमरकोशात हत्तीला साज चढवून सज्ज करण्याला ‘कल्पना’ म्हटले आहे. दुसऱ्या टोकाला बौद्ध नैयायिक दिङ्नाग आहे. त्याच्या लेखी प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे कल्पनेचा स्पर्श न झालेले ज्ञान. कल्पना एकीकडे अलंकार झाली, तर दुसरीकडे संशयित. कवीच्या निर्मितिशक्तीसाठी आपल्या काव्यशास्त्राने निराळा शब्द योजला : प्रतिभा. नित्य नवे उमलवणारी बुद्धी ती प्रतिभा. कोलरिजच्या इमॅजिनेशनची खरी शेजारीण ही आहे, असे आम्हाला वाटते.

राहिली फॅन्टसी. फ्रॉइडने १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिच्यामागे अतृप्त इच्छा पाहिली. मराठीत यासाठी ‘मनोराज्य’ हा नेमका शब्द आहे, आणि ‘मनातले मांडे’ त्याहून नेमके. टोल्किनने १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात फॅन्टसीची बाजू घेतली. आपल्या नियमांशी इमान राखणारे दुसरे जग उभे करणे ही त्याच्या मते श्रेष्ठ कला. तिला ‘पलायन’ म्हणून हिणवणारे लोक कैद्याची सुटका आणि सैनिकाचे रण सोडून पळणे यांत गल्लत करतात, असे त्याचे म्हणणे.

आता जनीकडे येऊ. नामदेवांच्या घरची ही दासी. दमलेल्या दासीचे मनोराज्य, असे फ्रॉइडचा अनुयायी म्हणेल. कैद्याची सुटका, असे टोल्किनचा वाचक म्हणेल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांच्याही ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे या कल्पनेची दिशा. जनी जाते सोडून कुठेही जात नाही. तिच्या अभंगांत दुसरे जग नाही. तेच घर, तेच दळण, त्याच शेण्या. मनातले मांडे खाणाऱ्याला दळावे लागत नाही. जनीला दळावेच लागते. ती देवाच्या जगात जात नाही, देवच तिच्या कामावर येतो. देवपण आणि दासीपण येथे शेजारी मांडलेले नाहीत. एकाच खुंट्याला दोघांचे हात लागल्यावर दोहोंचे जुने अर्थ विरघळतात. ही फॅन्सी नव्हे आणि मनोराज्यही नव्हे. ही प्रतिभा आहे. भक्ताच्या दृष्टीने तर तो अनुभवच. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार समीक्षेला नाही. समीक्षेने बोलावे ते कवयित्रीच्या घडवण्याविषयी.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. ‘फॅन्टसी’ म्हटले की अभंगातला देव तेवढा उरतो आणि दळण अदृश्य होते. ज्या बाईने आपले कष्टच काव्याची सामग्री केली, तिच्या कष्टांवरून आपण नकळत बोळा फिरवतो. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. त्यांतही विठ्ठल-जनी भेटतात. पहाटेच्या अंधारात दळता दळता जनीचे नाव घेणाऱ्या त्या बायांना आपण कुठे बसलो आहोत याचा विसर पडलेला नव्हता.

‘फॅन्टसी’ हा शब्द मराठीत आला आहे, तो राहावा. परीकथेला, अद्भुतकथेला, चित्रपटाला तो शोभतो. जनीच्या जात्यापाशी मात्र त्याचे काम नाही. तेथे ‘प्रतिभा’ हा आपला जुना शब्द पुरेसा आहे, आणि तो वापरताना जात्याची घरघर ऐकू येत राहिली पाहिजे.