जहाजावर शांत झोप हवी असेल तर केबिन कशी निवडाल?

परवा दवाखान्यात एक आजोबा बीपी तपासायला आले होते. जाता जाता म्हणाले, “डॉक्टर, मुलगा आम्हा दोघांना क्रूझवर पाठवतोय. जाऊ ना?” मी म्हटलं, “जरूर जा. पण केबिन कुठली घेताय?” डॉक्टरांनी हे का विचारावं, असा चेहरा त्यांनी केला. ते कारण आज तुम्हालाही सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आईला मुंबईहून गोव्याच्या क्रूझला नेलं. आईचं वय ७२, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, कानाच्या त्रासामुळे अधूनमधून चक्कर. तिची इच्छा एकच होती, गोव्यात उतरून मंगेशीचं दर्शन घ्यायचं. सवलत मिळाली म्हणून मी वरच्या मजल्यावरची, मागच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन घेतली. रात्री उशिरापर्यंत डोक्यावर गाण्यांचा दणदणाट. तो थांबला तर पहाटे साडेपाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज. आमच्या बरोबर वर पोहण्याचा तलाव होता! त्यात जहाजाचं हलणं. सकाळी आईचा रक्तदाब १७०/१०० आणि उभं राहिलं की गरगर. जहाज मुरगावला लागलं, लोक उतरले, आई मात्र पडून राहिली. “पुढच्या वेळी बघू,” एवढंच म्हणाली. औषधांचा डबा मी नीट भरला होता, खोली मात्र फक्त सवलत बघून घेतली होती.

आवाज आणि हेलकाव्यांनी नेमकं काय होतं?

आपण झोपलो तरी कान जागे असतात. अचानक आवाज झाला की पूर्ण जाग आली नाही तरी नाडी आणि रक्तदाब काही काळ वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या सूचनांप्रमाणे झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. ओढलेली खुर्ची त्याच्या कितीतरी पुढे जाते.

हेलकाव्यांचं गणित एसटीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मागच्या सीटवर सगळ्यात जास्त उसळायला होतं, मधल्या सीटवर कमी. जहाजाचंही तसंच. पुढचं आणि मागचं टोक जास्त वरखाली होतं आणि जितकं उंच जाल तितकं डावी-उजवीकडे डोलणं वाढतं. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, आतला कान मात्र ‘आपण हलतोय’ असं सांगतो. या विसंगतीतूनच मळमळ आणि चक्कर सुरू होते.

मग केबिन कुठली घ्यावी?

जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची, आतली. आतली म्हणजे बिनखिडकीची. गंमत म्हणजे सहसा हीच सगळ्यात स्वस्त असते. बुकिंगआधी मजल्यांचा नकाशा मागवा आणि एवढं तपासा:

• तुमच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असाव्यात. तलाव, नाट्यगृह, डिस्को किंवा स्वयंपाकघर नको.
• लिफ्ट आणि जिन्याला अगदी लागून नको. पण गुडघे दुखत असतील तर फार लांबही नको.
• शेजारच्या केबिनमध्ये उघडणारा दरवाजा असलेली खोली टाळा. पलीकडचं बोलणं ऐकू येतं.
• अगदी पुढे नांगराचा खडखडाट, अगदी मागे खालच्या मजल्यांवर पंख्याची थरथर. दोन्ही टोकं सोडा.
• ‘केबिन नंबर कंपनी ठरवेल’ असा सगळ्यात कमी दर दिसला तर थांबा. त्यात जागा निवडायचा हक्क तुम्ही सोडून देता. तरुणांना चालेल, चक्कर येणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त द्यावेत.

आतल्या केबिनचे तोटेही आहेत

तिथे दिवस-रात्र कळत नाही. गजर लावून उठा आणि सकाळी अर्धा तास उघड्या डेकवर उजेडात बसा. मळमळलं तरी तिथेच जाऊन क्षितिजाकडे बघा. रात्री अंधार मिट्ट असतो, बाथरूमला उंबरठा असू शकतो, म्हणून छोटा नाइट लॅम्प सोबत ठेवा. बंद खोलीत घुसमटणाऱ्यांनी मात्र खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकीवाली केबिन घ्यावी. झोपेत सीपॅप मशीन लावत असाल तर पलंगाजवळ प्लग आहे का, हे आधी विचारून घ्या.

मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घेतली तरच नीट लागू पडते. पण या गोळ्यांनी गुंगी येते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दोन वर्षांनी आम्ही आईला पुन्हा नेलं. मधली, खालची, बिनखिडकीची केबिन, पहिल्यापेक्षा स्वस्त. रात्री दहाला झोपलेली आई सकाळी सहाला उठली आणि पहिला प्रश्न विचारला, “मंगेशीला किती वाजता निघायचं?”

आजोबांना मी त्या नकाशावर कुठे खूण करायची तेवढं दाखवलं. तुम्हीही बुकिंग करण्याआधी आई-वडिलांच्या गोळ्यांच्या यादीशेजारी तो नकाशा ठेवा आणि मगच पैसे भरा.