मिझुरीच्या मतपत्रिकेवर

अमेरिकेत गरीब डेमोक्रॅटांना मत देतात आणि श्रीमंत रिपब्लिकनांना, एवढंच ऐकून मला ठाऊक होतं. मुलगी मिझुरी राज्यात सेंट लुइसजवळ राहते, आता तिकडची नागरिक आहे. २०२४च्या निवडणुकीआधी तिने नमुना मतपत्रिका समोर ठेवली आणि मी गांगरले. आपल्याकडे एक बटण दाबलं की संपलं. इथे राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर, मग अमुक न्यायाधीश पदावर राहावा का, आणि त्यापुढे थेट प्रश्न : हा कायदा हवा की नको? प्रत्येक नावापुढे, प्रत्येक उत्तरापुढे पेनाने काळा करायचा छोटा लंबगोल. म्हणजे माणूस एका पक्षाचा आणि कायदा दुसऱ्याच्या आवडीचा, असंही निवडता येतं.

लोकांनी तसंच केलं. ट्रम्पना मिझुरीत सुमारे ५८ टक्के मतं पडली. किमान वेतन ताशी १५ डॉलरवर नेणारा आणि आजारपणाची पगारी रजा देणारा प्रस्ताव, तोही जवळपास ५८ टक्क्यांनी मंजूर. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्तीसुद्धा, निसटत्या बहुमताने का होईना, मंजूर झाली. मी कागदावर बेरीज केली : ५८ आणि ५८, एकशे सोळा. म्हणजे शंभरातल्या पंधराएक जणांनी तरी ट्रम्प आणि वेतनवाढ, दोन्ही लंबगोल काळे केले असणार.

त्यातले एक मुलीच्या शेजारीच निघाले. मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनचे जुने सभासद. युनियनची वर्गणी सक्तीची नको म्हणणारा ‘राइट टू वर्क’ कायदा मिझुरीच्या मतदारांनी २०१८ मध्ये दोन तृतीयांश मतांनी हाणून पाडला, तेव्हा हे गृहस्थ दारोदार फिरले होते. मग ट्रम्प कसे? म्हणाले, “पगाराचं मी स्वतः खूण करून ठरवलं. पक्ष निवडताना बघतो, माझ्या चर्चला आणि माझ्या बंदुकीला कोण नावं ठेवत नाही.”

मी उत्पन्नाचे आकडे धुंडाळत होते, पण खरी फट शिक्षणात दिसली. मतदानोत्तर चाचण्यांत पदवीधरांचा कल डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिसकडे, पदवी नसलेल्यांचा ट्रम्पकडे. तरी एवढ्याने भागत नाही. कृष्णवर्णीयांनी, शिक्षण कमी असो की जास्त, प्रचंड बहुमताने हॅरिसना मत दिलं. कामगार डेमोक्रॅटांपासून तुटला असं जो तो लिहितो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गोरा कामगार असतो. तसं स्पष्ट लिहायला काय हरकत आहे? काळा कामगारही त्याच तासाचे तेच डॉलर मोजतो.

२०२५ मध्ये मिझुरीच्या रिपब्लिकन विधिमंडळाने पगारी रजेचा भाग रद्द केला, जुलैत गव्हर्नरांनी त्यावर सही केली. गर्भपाताचा प्रश्नही पुन्हा मतदारांपुढे न्यायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं. तापलेलं मूल घरी ठेवून कामावर जाणाऱ्या बाईची ती रजा होती. शेजारी माझ्याहून जास्त चिडले होते. नव्याने सह्या गोळा करून रजा परत आणू, म्हणाले. मी विचारलं, “आणि पक्ष?”

“पक्ष तोच.”